दगडी नंदी, दीपमाळ, कुंडी परदेशी पाठवताना पेटी कशी बांधायची

"पेटी सहीसलामत पोचली, पण आत नंदीचा कान तुटलाय." साताऱ्याच्या आसपास काळ्या दगडाच्या वस्तू घडवून घेऊन बाहेरदेशी पाठवणाऱ्यांचे मला येणारे फोन बहुतेक याच तऱ्हेचे असतात. पेटीवर ओरखडा नाही, कुठे आपटल्याची खूण नाही, आणि उघडून बघावं तर आत तुकडा.

कारण सरळ आहे. दगड जड आहे म्हणून तो मजबूत आहे, असं आपण धरून चालतो. पण दगड पडून जितका फुटतो त्याहून जास्त वेळा तो पेटीतल्या पेटीत हलून फुटतो. साताऱ्याहून न्हावा शेवापर्यंतचे घाट आणि गतिरोधक, मग बंदरातली उचलाठेव, मग कित्येक आठवडे जहाजाचं डोलणं. या सगळ्यात दोनशे किलोचा दगड दर हेलकाव्याला बोटभर जरी सरकला, तरी त्याच्या वाटेत जे पातळ असेल ते जातंच.

माझ्या पहिल्या नंदीचं असंच झालं. पेटीत मोकळी जागाच नको म्हणून मी सगळीकडे फोम ठासला होता, कानांभोवती तर दुहेरी. समोरच्याने पाठवलेला फोटो मला आजही आठवतो. फोममध्ये कानाच्या आकाराचा खळगा, आणि त्या खळग्यात तुटलेला कान अलगद बसलेला. धड बोटभर पुढे सरकलं होतं आणि कान मात्र फोमने जागच्या जागी धरून ठेवला होता. तेव्हापासून माझी पद्धत उलटी झाली: जड भाग घट्ट धरायचा आणि नाजूक भागाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीसाठी आहेत.

१. ऑर्डर घेतानाच विचारायच्या गोष्टी

पेटी उतरवून कोण घेणार, हे आधी विचारा. गोदामात फोर्कलिफ्ट असते, घराच्या दारात नसते. घरी जाणार असेल तर एक मोठी पेटी करण्यापेक्षा सुटे भाग करून दोन-तीन पेट्या केलेल्या बऱ्या.

वस्तू नवी आहे की जुनी, हेही आधीच पाहा. वाडा पाडताना निघालेली दगडी डोणी, कोरीव खांब, जुनी मूर्ती असं काही पाठवायचं मनात असेल तर थांबा. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. नवी मूर्तीसुद्धा काळी, झिजल्यासारखी दिसली तर कस्टममध्ये अडते. अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा 'ही पुराणवस्तू नाही' असा दाखला लागतो. तो माल बंदरात अडकल्यावर मिळवण्यापेक्षा पेटी बांधण्याआधी मिळवा. पाथरवटाचं बिल आणि घडवतानाचे दोन-तीन फोटो जपून ठेवलेत तर काम सोपं जातं.

घडवणाऱ्यालाही एक सांगून ठेवा. मोराची मान, हंसाची चोच, मूर्तीचा सुटा हात असं काही असेल तर मधला थोडा दगड आधार म्हणून तसाच ठेवायचा. तो आधार पोचल्यावर तिथला कारागीर कापून काढू शकतो. हे सगळ्यांना चालत नाही, पण ज्यांना चालतं त्यांची वस्तू निम्मी वाचलीच म्हणून समजा.

२. दगड तपासणे आणि सुकवणे

वस्तू धुऊन घ्या. खोबणीतली माती ब्रशने आणि लाकडी काडीने काढा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत दगडाला चिकटलेल्या मातीवरूनही माल थांबतो. बागेत ठेवायची वस्तू आपण बागेतच ठेवून फोटो काढतो, आणि बुडाला लागलेली ती माती कुणीच बघत नाही.

आता चीर शोधायची. लाकडी मोगरीने वस्तूवर हलकेच टकटक करत फिरा. चांगला दगड खणखणीत वाजतो, चीर असली की आवाज बद्द येतो. मग सगळ्या वस्तूवर पाणी मारा आणि ती सावलीत सुकताना जवळ बसून बघा. वरचा दगड उजळ होत जातो आणि चिरेत गेलेलं पाणी शेवटपर्यंत काळ्या केसासारखं दिसत राहतं. ही काळी रेघ दिसली तर तिथे खडूने खूण करा आणि पाथरवटाला बोलवा. रेघ मानेवर किंवा पायाच्या सांध्यावर असेल तर ती वस्तू पाठवू नका. वरवर चिकटवून ती गाव सोडेल, समुद्र ओलांडणार नाही.

मग पूर्ण सुकवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात. पावसाळ्यात पत्र्याखाली पंख्यासमोर दहा-बारा दिवस लागतात, आणि छिद्रं असलेल्या दगडाला त्याहूनही जास्त. ओला दगड प्लॅस्टिकमध्ये बांधला की आत घाम धरतो, पांढरे डाग उठतात. थंड देशात तर आत मुरलेलं पाणी गोठून चीर वाढते.

सावधान: काळा दगड चमकावा म्हणून पाठवण्याआधी तेल लावायची आपल्याकडे सवय आहे. लावू नका. तेलकट दगडावर फोम चिकटतो, त्याची छाप उमटते आणि पट्टा घसरतो.

३. वजन काढा, अंदाज नको

आपल्या काळ्या दगडाचं वजन घनफुटाला साधारण ८० ते ८५ किलो भरतं. दोन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच अशा नंदीचा मूळ ठोकळा ३ घनफुटांचा. कोरताना एक तृतीयांश गेला असं धरलं तरी १६० किलोंच्या पुढेच. हा हिशेब पेटीची आखणी करण्यापुरता. तयार वस्तू आणि नंतर बंद पेटी मात्र वजनकाट्यावर चढलीच पाहिजे.

वजन आणि माप हातात आलं की भाड्याचंही कळतं. इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून पाठवताना, ज्याला एलसीएल म्हणतात, त्यात १ टन किंवा १ घनमीटर यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते, आणि किमान आकारणी सहसा एका घनमीटरची असते. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. म्हणजे एकच नंदी पाठवायचा असेल तर पेटी १५ घनफुटांची केली काय किंवा २५ ची केली काय, भाडं बहुधा तेवढंच पडतं. तरीही लोक पेटी आवळून बांधतात आणि शिंगाला फळीची घासट लागते. जागा सोडा. विमानाने पाठवताना मात्र हे उलटतं. तिथे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागतात, आणि तो आकडा खऱ्या वजनाहून जास्त आला तर त्यावर पैसे लागतात.

४. लाकूड

सगळ्यात जास्त माल इथे अडतो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

परदेशी जाणाऱ्या पेटीच्या कच्च्या लाकडाला आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत यासाठी तो आहे. लाकूड साल काढलेलं हवं आणि त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं पोचलेली हवी. हे काम मान्यताप्राप्त केंद्रच करतं आणि लाकडावर शिक्का मारून देतं. शिक्क्यात गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, भारताची दोन अक्षरी खूण, केंद्राचा क्रमांक आणि उष्णता दिल्याची एचटी ही अक्षरं असतात. पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर तो शिक्का दिसला पाहिजे. गोंद, उष्णता आणि दाब वापरून केलेल्या प्लायवूडला आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला हा नियम लागत नाही. म्हणून मी बाजू आणि झाकण प्लायचं करतो, आणि फक्त बुडाचे ओंडके व चौकट शिक्क्याच्या लाकडाची.

चुका दोन होतात. पहिली म्हणजे शेवटच्या क्षणी घातलेली पाचर. पेटी शिक्क्याची, पण वस्तू हलतेय म्हणून वर्कशॉपमध्ये पडलेला बाभळीचा तुकडा, सालीसकट, आत ठोकला. आमच्या एका पेटीत नेमकं हेच झालं. समोरच्या बंदरात ती उघडली गेली, पुन्हा धुरी द्यावी लागली आणि तो खर्च वस्तूच्या किमतीच्या जवळ गेला. तेव्हापासून आमचे सुतार आण्णा शिक्क्याच्या लाकडाचे उरलेले तुकडे वेगळ्या टोपलीत ठेवतात आणि पेटी भरताना तेवढीच टोपली शेजारी घेतात. आत जाणारा प्रत्येक टेकू, प्रत्येक पट्टी, कंटेनरमध्ये पेट्यांच्या मध्ये घालायचा ठोकळासुद्धा त्याच लाकडाचा हवा.

दुसरी चूक म्हणजे शिक्का आहे म्हणजे लाकूड वाळलेलं आहे असं समजणं. उष्णता दिलेलं लाकूडही आतून ओलं असू शकतं. ओलं लाकूड प्रवासात आकसतं, स्क्रू ढिले होतात, आणि त्याच्या रसाचे पिवळे-तपकिरी डाग दगडावर बसतात. ओलावा मोजायचं यंत्र लावा आणि २० टक्क्यांच्या आत असेल तरच घ्या.

सावधान: भाताचा पेंढा, उसाचं पाचट, भुसा भरलेलं पोतं आत अजिबात नको. आपल्याकडे हे फुकट मिळतं म्हणून हात तिकडे जातो. ऑस्ट्रेलियात तर पेंढा आणि भाताचं तूस पॅकिंगला चालतच नाही.

५. पेटीचं बूड

सगळं वजन बूड पेलतं, बाजूच्या फळ्या नाहीत. तीन ओंडके, चार इंच बाय चार इंच, लांबीच्या दिशेने. त्यांच्यावर दीड इंची फळ्या एकमेकींना चिकटवून, वर १८ मिलिमीटर प्लाय. ओंडक्यांमुळे खाली फोर्कलिफ्टचे दात जायला चार इंच जागा राहते. फळ्या आणि ओंडके बोल्टने जोडा, बोल्टचं डोकं प्लायच्या पातळीखाली बसवा. खिळे नकोत. खिळा हादऱ्याने वर येतो आणि त्याचं टोक दगडाला लागतं.

दगडाखाली काय घालायचं, हा खरा प्रश्न आहे. ४०० किलोंचं तुळशी वृंदावन, बूड ४५ बाय ४५ सेंटिमीटर. म्हणजे २०२५ चौरस सेंटिमीटरवर ४०० किलो, दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २०० ग्रॅम, आणि वर हादऱ्यांचा जोर वेगळा. मऊ फोम किंवा थर्माकोल एवढ्या वजनाखाली काही दिवसांत चेपतो. तो अर्धा इंच चेपला की वरचा टेकूही अर्धा इंच सैल झाला. म्हणून खाली १० ते १२ मिलिमीटरची कडक रबरी चटई किंवा घट्ट फोमशीट घाला. दगड फिकट रंगाचा असेल तर काळ्या रबराचा डाग पडतो, तेव्हा मध्ये पांढरं सुती कापड अंथरा.

तपासा: वस्तू बुडावर ठेवून चारी कोपऱ्यांखाली पातळ पुठ्ठा सरकवून बघा. एखाद्या कोपऱ्यात तो सहज गेला तर वस्तू डगडगते आहे. आधी पातळी करा, मगच पुढे जा.

६. गुंडाळणे

दगडाला लागून मऊ, स्वच्छ, रंग न सोडणारं काहीतरी हवं: धुतलेलं पांढरं सुती कापड किंवा पातळ फोमशीट. वर्तमानपत्राची शाई फिकट दगडात उतरते. बबल रॅप थेट दगडावर लावू नका. दाबाखाली आणि दमटपणात पॉलिशवर गोल गोल ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. चिकटपट्टी दगडावर कधीच नाही, फक्त कापडावर किंवा फोमवर.

बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण घाला, पण खालून तोंड बंद करू नका. जहाजावर दिवसा तापून रात्री गार होणाऱ्या कंटेनरमध्ये छताला पाणी धरतं आणि ते थेंब-थेंब खाली पडतं. वरून झाकलेलं आणि खालून मोकळं असलं की पाणी बाहेर निथळतं आणि आतली वाफही निघून जाते. ओलावा शोषणाऱ्या पुड्या पेटीच्या कोपऱ्यांत ठेवा, दगडाला टेकवून नाही.

७. उभं करणं आणि टेकू देणं

उचलायला रुंद नायलॉनचे पट्टे आणि चेन पुली वापरा. पट्टा बैठकीखालून किंवा पोटाखालून जायला हवा. मान, शिंग, वशिंड, दीपमाळेचा दिवा यांना धरून कुणी उचलणार नाही, हे हमालांना उचलण्याआधी सांगा. पहार लावायचीच असेल तर तिच्याखाली लाकडाचा तुकडा हवा, नाहीतर बैठकीची कड उडते.

नंदी असेल तर टेकू असे: बैठकीच्या चारी बाजूंना चार पट्ट्या, कापड मध्ये घालून, बुडाला स्क्रूने. छातीसमोर एक आडवी फळी, मागच्या पुठ्ठ्यामागे एक. पाठीवर, वशिंडाच्या मागे, तिसरी आडवी फळी वरून दाबून. ही तिसरी फळी लोक विसरतात, आणि मग जहाज डोललं की नंदी जागेवरच उचलला जातो. फळी दगडाला जिथे लागेल तिथे तिचा आकार दगडाप्रमाणे कापा आणि घट्ट फोम लावा. पाचर ठोकून बसवू नका, पाचर हादऱ्याने निघते. स्क्रू लावा. कान, शिंगं, वशिंड यांच्या भोवती चारी दिशांनी चार बोटं मोकळी जागा. तिथे फोम नाही, कापड नाही, काही नाही. मोकळा कान बघितला की काहीतरी कोंबावंसं वाटतंच. हात आवरा.

दीपमाळेचे थर सुटे करून प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा द्या. जोडाच्या आतल्या बाजूला, जी पुन्हा दिसणार नाही, तिथे खडूने क्रमांक लिहा आणि दोन थरांवर मिळून एक सरळ रेघ ओढा. तीच रेघ जुळवून तिकडे उभी करता येते. ऑइलपेंट वापरू नका.

कुंडी उपडी ठेवायचा मोह होतो. काठ सपाट फळीवर सगळीकडे टेकत असेल तरच ठेवा. तीनच ठिकाणी टेकत असेल तर सगळं वजन त्या तीन जागांवर येतं आणि काठ उडतो. सरळ ठेवलीत तर टेकू काठाच्या खाली, जाड भिंतीला. कुंडीच्या पोटात लहान कासवं, दिवे भरून जागा वाचवणाऱ्यांना सांगतो, तीच कासवं कुंडी फोडतात.

जाळीची पाटी आडवी ठेवू नका. पातळ दगड आडवा असला की मधोमध वाकतो आणि तिथेच मोडतो. कडेवर उभी, किंचित कललेली, मागे पूर्ण प्लायचा आधार.

८. झाकण लावण्याआधीची परीक्षा

बाजू बसवा, झाकण उघडं ठेवा. पेटीची एक बाजू पहारीने चार बोटं उचला आणि हलकेच खाली सोडा. चारी बाजूंनी करा. कान देऊन ऐका. आतून घासल्याचा किंवा टकटक आवाज आला तर कुठला तरी टेकू सैल आहे.

मग पेटी रात्रभर तशीच ठेवा. फोम वजनाखाली बसतो आणि सकाळी टेकू सैल झालेले असतात. पुन्हा आवळा आणि पुन्हा तीच परीक्षा घ्या. टेम्पो संध्याकाळीच भरायचा म्हणून ही एक रात्र वाचवणारे पुष्कळ आहेत.

आता फोटो. उघड्या वस्तूचे, टेकूंचे, कानाभोवतीच्या जागेचे, शिक्क्याचे, बंद पेटीचे आणि वजनकाट्यावरच्या आकड्याचे. विमा 'ए' क्लॉजचा, म्हणजे सर्व जोखमींचा असला तरी पॅकिंग अपुरं होतं असं ठरलं तर भरपाई मिळत नाही. पॅकिंग पुरेसं होतं हे दाखवायला तुमच्याकडे हेच फोटो असतात.

९. खुणा आणि कागद

पेटीच्या चारी बाजूंवर स्टेन्सिलने: वर दाखवणारे बाण, पेला (म्हणजे माल नाजूक), छत्री (म्हणजे ओलं होऊ देऊ नका), वर माल रचू नये ही खूण, पट्टा लावायची जागा आणि गुरुत्वमध्याची खूण. नंदीचं डोकं जड असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य पेटीच्या मधोमध येत नाही. ही खूण नसली की फोर्कलिफ्टवाला मधोमध उचलतो आणि पेटी कलंडते. एकूण वजन आणि निव्वळ वजन मोठ्या आकड्यांत लिहा.

कागदांचं थोडक्यात. आयातनिर्यात कोड, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल लागतात आणि ते तुमचा कस्टम एजंट बघतो. कस्टमच्या मालाच्या वर्गवारीत घडवलेला दगड सहसा ६८०२ या शीर्षकाखाली येतो. पॅकिंग लिस्टवरचं वजन आणि पेटीवरचं वजन एकच असू द्या. पूर्ण कंटेनर तुमचा असेल तर १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन जाहीर करणं सक्तीचं आहे, ते अंदाजाने लिहू नका.

१०. टेम्पो आणि कंटेनर

टेम्पोत पेटी पुढच्या बाजूला, केबिनला लागून, पट्ट्यांनी खाली आवळून. खंबाटकी आणि खंडाळ्याच्या वळणांत मोकळी पेटी फळक्यावर आपटते आणि आतले टेकू तिथेच सैल होतात. ड्रायव्हरदादांना वजन आणि कशाची पेटी आहे ते तोंडी सांगा, कागद कुणी वाचत नाही.

कंटेनरमध्ये वजन लांबीवर पसरवा, सगळ्या जड पेट्या मधोमध किंवा एका टोकाला नकोत. पेट्यांमधल्या फटी ठोकळ्यांनी किंवा हवेच्या पिशव्यांनी भरा, कड्यांना पट्टे बांधा आणि दाराच्या आतल्या बाजूला आडवे ठोकळे लावा. दार उघडलं की पहिली पेटी माणसाच्या अंगावर येऊ नये.

११. उघडणाऱ्यासाठी कागद

झाकणाच्या बाहेर प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पान चिकटवा, त्यात आतल्या टेकूंचा फोटो आणि उघडण्याचा क्रम. आधी झाकण, मग बाण काढलेली एकच बाजू, मग छातीसमोरची फळी, आणि पाठीवरची फळी सगळ्यात शेवटी, पट्टे लावून झाल्यावर. ज्या मापाचे स्क्रू वापरलेत त्या मापाचं पेचकसाचं एक टोक (बिट) त्याच पाकिटात टाका, नाहीतर ते लोक पेटी कटावणीने फोडतात. आणि ठळक अक्षरात एवढं लिहा: पेटीवर नुकसान दिसलं तर पावतीवर सही करण्याआधी तसं नोंदवा, फोटो काढा आणि विम्याचा माणूस येईपर्यंत आतलं काही हलवू नका.